दहावी खुंटी

दर शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास बयनाबाई माळावरून मोजत यायच्या.

गावाच्या शिवेचा दगड पश्चिमेला होता. तिथून त्या निघायच्या. डाव्या हातात पाण्याचा तांब्या, तांब्यावर झाकण म्हणून अर्धी भाकर. उजव्या हाताची बोटं पावलागणिक मिटत जायची. वीस झाले की त्या थांबायच्या, ओच्यातून ज्वारीचा एक दाणा काढून तोंडात टाकायच्या आणि पुन्हा एकपासून सुरू करायच्या. वाटेत बाभळीची फांदी आडवी आली तर बाजूनं जायच्या नाहीत. फांदी वर उचलून तिच्याखालून जायच्या. हद्दीच्या दगडालाही वळसा नाही. त्याच्यावरून पाय टाकायच्या. मग पेन्शनवाडीच्या मागच्या ओळीत, सात नंबरच्या पायरीला पाय लागला की थांबायच्या.

"सहा राह्यले," म्हणायच्या. तांब्या पायरीवर ठेवायच्या, भाकर त्याच्यावर तशीच. आल्या वाटेनं परत जायच्या. परत जाताना मोजायच्या नाहीत.

सात नंबरची खोली मारोतरावांची होती.

आदिलाबादकडं, भीमपूरहून पैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोहखेड लागतं. एका जिनिंगच्या मालकानं आईच्या नावानं ट्रस्ट केला आणि गावाबाहेर, सन शहाऐंशीत, बारा खोल्या बांधल्या. सहा रस्त्याकडे तोंड करून, सहा मागे, माळाकडे. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसांसाठी, ज्यांच्या मागे कोणी नाही किंवा असून नसल्यासारखं आहे. फाटकावर लांबलचक नाव होतं. गाव पेन्शनवाडी म्हणायचं.

मारोतराव अठ्ठ्याऐंशीत आले. जमीन मोजणीच्या खात्यात तीस वर्षं काढलेली. बायको गेली होती. मुलगा हैदराबादला. मॅनेजर पांडुरंगरावांनी त्यांना पुढच्या ओळीतली खोली दाखवली. मारोतरावांनी मागची सात नंबर मागितली. तिथं मोटारींचा आवाज येत नाही, म्हणाले. त्याआधी सात नंबरमध्ये दोघं राहून गेले होते. दोघांनीही महिन्याच्या आत खोली बदलून घेतली होती. एकानं झोप लागत नाही असं कारण दिलं. दुसऱ्यानं काहीच दिलं नाही.

मारोतरावांबरोबर एक ट्रंक आली. तिच्यात खात्यानं मोडीत काढलेली तेहतीस फुटी साखळी होती आणि तिच्या दहा खुंट्या. हातभर लांब लोखंडी सळया, वरच्या टोकाला कडी. साखळीचं टोक जिथं संपतं तिथं पुढचा गडी खुंटी ठोकतो, मागून येणारा ती उपटून घेतो. शेवटी मागच्याच्या हातात जितक्या खुंट्या, तितक्या साखळ्या अंतर. मारोतरावांच्या दहातल्या नऊ जुन्या होत्या. एक जरा वेगळी, जाड. ती नंतर लोहाराकडून घडवून घेतलेली.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी दाराला पाटी लावली. मोजणीचा सल्ला, सोमवार आणि गुरुवार.

"इथं लोक मराले येतात, तुमी दुकान मांडता," शेजारच्या जयवंताबाई म्हणाल्या. त्या आठ नंबरमध्ये. उटनूरच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनीही आल्या आल्या स्टोव्हवर सुया उकळायला सुरुवात केली होती आणि अर्ध्या गावाला त्या इंजेक्शन देत.

"तुमी काऊन सुया उकळून राह्यल्या मंग?"

"माझं येगळं हाय. मले लोकांचा राग काढाले बरं पडते."

माणसं येऊ लागली. बांधाचं भांडण, शेताच्या धुऱ्यावरचं झाड, भावाभावाची वाटणी. मारोतराव पंच्याहत्तर फुटांवरून सांगायचे की धुरा हातभर सरकला आहे. मोजलं की तेवढाच निघायचा. अर्ज लिहून द्यायचे. एस.टी.चा थांबा शाळेपुढून हलवून फाटकाजवळ आणला तो त्यांनीच. बौद्ध वस्तीत हातपंप मिळत नव्हता, दुसरा पंप जवळ आहे असं मंडल ऑफिस, म्हणजे तिथली तहसील कचेरी, म्हणायचं. मारोतरावांनी टेप धरून अंतर मोजलं, कागदावर काढलं, सही केली. तीन महिन्यांत पंप बसला. एक्याण्णवच्या जनगणनेत गावाचा कच्चा नकाशाही त्यांनी काढून दिला.

तीस वर्षांत त्यांची एकही मोजणी कोणी उलटवली नव्हती. हे ते सांगत नसत. लोकच सांगत.

पहिल्या शनिवारी तांब्या पाहून ते बाहेर आले होते.

"बाई, हे काय?"

"पाणी."

"मले कायले? नळ हाय इथं."

"तुमच्यासाठी नाई ते."

"मंग कोणासाठी?"

बयनाबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. बाईंनी ओळखलं असावं. मारोतरावांनी ओळखलं नाही.

"आत हाय," त्या म्हणाल्या. "सहा पावलं."

त्या गेल्यावर जयवंताबाई दारात आल्या. खोलीत डोकावून त्यांनी हवेतच बोट नाचवत मोजलं. "मोजणीदार, सहा पावलांवर तुमचा पलंग हाय."

वेडी असेल बाई, असं मारोतरावांनी ठरवलं. तांब्याकडे मात्र लक्ष गेलं. दुपारी चारपर्यंत पाणी चार बोटं खाली जायचं. उन्हानं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. भाकर तशीच असायची. वाडीत तीन कुत्री होती, ती स्वयंपाकघराच्या पायरीवरची राखसुद्धा चाटायची. या भाकरीला त्यांनी कधी तोंड लावलं नाही. श्रावणातल्या एका शनिवारी दिवसभर ढग होते, उन्हाचा कवडसा नव्हता. चार वाजता मारोतरावांनी बोट बुडवून पाहिलं. चार बोटं.

"आता पाण्याचा नकाशा काढा," जयवंताबाई म्हणाल्या.

ते हसले नाहीत.

एक्याण्णवच्या दिवाळीनंतर ट्रस्टनं ठरवलं की मागच्या ओळीपुढच्या मोकळ्या जागेत, हद्दीच्या दगडापर्यंत, न्हाणीघरं आणि संडास बांधायचे. दगडाच्या रेषेत भिंत घालायची. दगडापलीकडे बौद्ध वस्तीची मातीची जागा होती. पिढ्यान्पिढ्या त्यांची माणसं तिथं पुरलेली. वस्तीनं मंडल ऑफिसात हरकत घेतली. आमची जागा दगडावर संपत नाही, आणखी पुढं आहे, तुमच्या खोल्याही आमच्या मसनवट्यात आहेत, असं लिहिलं.

अर्ज लिहिणारा नागनाथ शाळेत मास्तर होता. हातपंपाच्या वेळेपासून मारोतरावांकडे त्याचं येणंजाणं होतं. तो सायकल भिंतीला टेकवून पायरीवर बसला. तांब्याच्या जागेपासून जरा दूर.

"काका, नकाशा तुमचा हाय. सत्तावन साली तुमीच मोजलं. तुमी सांगा."

"नकाशा खरा हाय."

"बुढे लोक म्हणतात, जागा कडूनिंबापर्यंत होती."

"कुठं हाय कडूनिंब?"

"तोडला ना. खोल्या बांधाच्या टायमाले."

"मंग? झाड नाई, कागद नाई. दगड हाय अन् नकाशा हाय. नऊ साखळ्या. मी रोज सकाळी चालतो शिवेपासून दगडापर्यंत. एकशे सतरा पावलं. एक कमी नाई, एक जास्त नाई."

"पाया खणला तवा हाडं निघाले, काका."

"ढोराचे असतीन."

बोलून गेल्यावर मारोतरावांना तो शब्द तोंडात तसाच राहिल्यासारखा वाटला. नागनाथ उठला. सायकलचं स्टँड काढलं.

"माहा मामा सांगत होता, एक खुटी राहून गेली म्हणून. मरेपर्यंत तेच सांगत होता."

"कोण मामा?"

"खुशाल. तुमच्याच साखळीवर होता. ही पाणी ठेवते ते मामी माही."

नागनाथ उत्तराला थांबला नाही.

पांडुरंगराव संध्याकाळी आले. मंडलचा सर्वेअर पौष महिन्यात मोक्यावर येणार होता. "जुना मोजणीदारच वाडीत राहते म्हटल्यावर आपल्याले काय भेव? तुमी फक्त उभं राहाचं अन् नकाशा खरा म्हणाचं."

"म्हणतो," मारोतराव म्हणाले.

त्या रात्रीपासून त्यांना फरशीतली भेग दिसू लागली. ती आधीही होती. जयवंताबाई वर्षभर सांगत होत्या की माझ्या पलंगाचा एक पाय रोज खाली जाते, एक दिवस मी झोपल्या झोपल्या पाताळात. त्यावर सगळे हसायचे. आता मारोतरावांनी टेप घेतला. सात नंबरमध्ये भेग पलंगाखालून जात होती, मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर. आठमध्ये दोन फूट. नऊमध्ये दोन. दहा, अकरा, बारा नंबरमध्येही दोनच. सहा खोल्यांमधून, मधल्या पाच भिंतींखालून, एकच रेघ.

ते तिथंच उकिडवे बसले. जमीन फाटलेली त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पायाखाली भूकंपासारखी फाटते. पण ती वाकडीतिकडी फाटते. दोरी ताणल्यासारखी फाटत नाही. सरळ रेघ फक्त माणूस मारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हद्दीच्या दगडापासून भेगेपर्यंत टेप धरला. दार उघडं ठेवून, पायरीवरून, खोलीतून, पलंगाखाली.

तेहतीस फूट.

पुन्हा मोजलं. तेहतीस. तिसऱ्यांदा त्यांनी जयवंताबाईंना टेपचं दुसरं टोक धरायला सांगितलं आणि आकडा त्यांनाच वाचायला लावला.

"तेहतीस. काऊन, काय झालं? चेहरा पाहा आपला."

"एक साखळी," मारोतराव म्हणाले.

दगडापलीकडे आणि दगडापासून भेगेपर्यंत एकच माती होती. खणलेली, भरलेली, पिढ्यान्पिढ्या उपसलेली भुसभुशीत माती. ती बसत चालली होती. भेगेपलीकडे कधीच न खणलेली घट्ट जमीन. ती जागची हलत नव्हती. दोन्हींच्या सीमेवर फरशी फाटली होती. शिकाऊ मोजणीदारालाही हे कळलं असतं. ते त्याच भेगेवर तीन वर्षं डोकं ठेवून झोपले होते.

सत्तावन्न सालचा वैशाख होता तो. मारोतराव अठ्ठावीस वर्षांचे, नवीन. खुशाल मागच्या टोकाला. नियम असा की सकाळी साखळी उचलण्याआधी गड्यानं खुंट्या मोठ्यानं मोजायच्या, मोजणीदारानं ऐकायच्या, मग वहीत सही. त्या दिवशी मारोतराव दाढी करत होते. खुशाल तंबूबाहेर उभा राहून मोजू लागला. तो पाच म्हणाला असेल नसेल, हे आतून म्हणाले, "हो हो, चाल." आणि सही केली.

शिवेपासून कडूनिंबापर्यंत रेघ मोजली. पुढचा गडी शेवटची खुंटी झाडाच्या बुडाशी ठोकून सावलीत आडवा झाला. दुपारचे बारा झाले होते. मारोतरावांचा घसा सुकला होता. त्यांचं मडकं वाटेत फुटलं होतं.

खुशाल साखळी ओढत मागून येत होता. कंबरेला तांब्या बांधलेला. "साहेब, माह्याजवळ हाय पाणी," तो म्हणाला. म्हणाला आणि स्वतःच थांबला.

मारोतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला तांब्या पाठीमागे लपवावासा वाटला. "पाटलाकडं जाय. त्यायच्या गड्याच्या हातानं पाठवाले सांग. पळ."

खुशाल साखळी टाकून पळाला. शेवटची खुंटी उपटायची राहिली. तेवढ्यात वावटळ आली. पाला, माती, धूळ, समोरचं दिसेना. पाणी आलं, मारोतराव पिऊन निवाले, आणि मग खुंट्या मोजल्या तर नऊ.

"साहेब, दहा होत्या. एक झाडाजवळ राह्यली."

शोधलं. सापडली नाही. पुढच्या गड्यानं किती ठोकल्या ते मोजलंच नव्हतं. दुपारभर खुशाल हातांनी माती चाळत फिरला. मारोतराव खाटेवर बसून पाहत होते. सकाळी दहा आणल्या होत्या की नऊ, हे दोघांपैकी एकालाच माहीत होतं, कारण दुसऱ्यानं ऐकलं नव्हतं. आणि नऊच आणल्या, दहावी रात्रीतून विकून खाल्ली, असं म्हणणं मारोतरावांना सोपं होतं. वहीत सही होती. न ऐकता केली असं ते कसं सांगणार? त्यांनी लिहिलं, नऊ साखळ्या. खुशालला कामावरून काढलं. दगड पुढं त्या नकाशाप्रमाणे बसले. लोहारानं एक नवी खुंटी घडवून दिली.

पौषातल्या शनिवारी बयनाबाई आल्या तेव्हा मारोतराव पायरीवर उभे होते. सर्वेअर सोमवारी येणार होता.

"सहा राह्यले," बयनाबाई म्हणाल्या.

"बाई, आत या. सहा पावलं चालून दाखवा मले."

"नाई."

"दार उघडं हाय."

"तुमच्या दाराचं नाई सांगून राह्यली मी. माह्या लेकीवरून पाय नाई टाकत." त्यांनी तांब्या ठेवला. "आठ महिन्याची होती. निंबाजवळ माती देल्ली तिले. मी रडून राह्यली होती का झाड पडलं तर कुठं शोधू. तवा तिच्या बापानं मले मोजाले शिकवलं. म्हणे, झाड काय, आज हाय उद्या नाई. पावलं राह्यतात. शिवेपासून आठ ईसा अन् पाच. तुमची साखळी धरून धरून त्याले सवय झाल्ती."

मारोतरावांनी मनात हिशेब केला. बाईचं पाऊल दोन फुटांचं. एकशे पासष्ट पावलं. तीनशे तीस फूट. दहा साखळ्या.

"त्यानं काही म्हटलं होतं माह्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल काय म्हणाचं? तो म्हणे, साहेबाले तहान लागली होती."

त्या गेल्या. मारोतरावांनी जयवंताबाईंकडून पहार आणली. दार उघडं ठेवलं, भर उजेडात पलंग बाजूला सरकवला. शिवेच्या दगडापासून त्यांची जुनी रेघ भेगेला कुठं छेदते ते दोरी लावून काढलं. तिथली एक फरशी उचलली.

"मोजणीदार, पांडुरंगराव पाहीन तर तुमाले वेड्याच्या दवाखान्यात टाकीन," जयवंताबाई दारातून म्हणाल्या. पण गेल्या नाहीत.

खाली चुनखडी, मग माती. भेगेच्या एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला दगडासारखी. मारोतरावांनी पहार ठेवून दिली आणि हातानं माती काढू लागले. वीतभर. दोन वीत. बोटाला काहीतरी गोल लागलं.

कडी होती.

खुंटी आडवी पडलेली नव्हती. वाकलेली नव्हती. सरळ उभी होती, कोणी आत्ताच ठोकून सावलीला गेल्यासारखी. मारोतरावांनी ती मुठीत धरली आणि हात झटकन मागे घेतला.

"काय झालं? इचू चावला का?"

"गरम हाय."

जयवंताबाई वाकल्या. त्यांनी बोट लावलं. पौष महिना होता, सकाळी घागरीतलं पाणी हाताला झोंबत होतं. त्या पदराला बोट पुसत उभ्या राहिल्या.

"आता काय करता?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी सर्वेअर येते."

"ते नाई इचारलं मी."

मारोतरावांना सगळं दिसत होतं. खुंटी उपटून विहिरीत टाकली तर नकाशा खरा. तीस वर्षं खरी. खोली राहील. ठेवली तर मागची ओळ जाईल, सहा म्हाताऱ्यांच्या खोल्या जातील. आणि लोक म्हणतील, याच्या बाकीच्या रेघांचं काय?

"जसी हाय तसी राहू द्या," ते म्हणाले. त्यांनी फरशी तशीच उघडी ठेवली आणि त्या दोन रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर काढल्या.

सोमवारी सर्वेअर जीपमधून आला. करीमनगरकडचा तरुण माणूस, तेलुगू आणि हिंदी मिसळून बोलणारा. पंच आले, पांडुरंगराव आले, वस्तीतली पन्नासेक माणसं आली. बयनाबाई बाभळीखाली बसल्या. सर्वेअरनं टेप काढला.

"साखळीनं मोजा," मारोतराव म्हणाले. "जशी तवा मोजली तशी."

"बाबूजी, आप बैठो. हम कर लेंगे."

"मागचं टोक मी धरतो."

पांडुरंगराव हसले. "काय राव, या वयात गड्याचं काम?"

मारोतरावांनी ट्रंकेतल्या खुंट्या आणल्या आणि नागनाथच्या हातात दिल्या. "मोज. मोठ्यानं. मी ऐकतो."

नागनाथनं मोजल्या. दहापर्यंत. मारोतरावांनी प्रत्येक आकड्याला मान हलवली. मग वहीत सही केली.

शिवेच्या दगडापासून साखळी निघाली. पुढं सर्वेअरचा माणूस, मागं बासष्ट वर्षांचे मारोतराव. प्रत्येक खुंटीशी ते गुडघ्यावर बसत, उपटून घेत, उठत. उठायला वेळ लागत होता. नववी साखळी हद्दीच्या दगडावर संपली. सर्वेअरनं पांडुरंगरावांकडे पाहून मान डोलावली.

"पुढं चला," मारोतराव म्हणाले.

"पुढं कुठं?"

"आणखी एक हाय."

दहावी साखळी मोकळ्या जागेतून पायरीवर चढली. सात नंबरच्या दारातून आत गेली. पुढचा माणूस उघड्या खड्ड्यापाशी थांबला. त्यानं खुंटी ठोकायला हात खाली नेला आणि तसाच राहिला. साखळीच्या टोकाखाली कडी होती.

"साब, यहाँ पहले से है," तो आतून म्हणाला.

मारोतराव आत गेले. खाली बसले. दोन्ही हातांनी खुंटी उपटली. गंजलेली, थंड. पुढच्या माणसाच्या हातात न ठोकता राहिलेली खुंटीही घेतली. बाहेर आले. मुठीतल्या खुंट्या एकेक करून पायरीवर ठेवल्या. सर्वेअर मोजत होता. सकाळी दहा मोजल्या होत्या.

"ग्यारह," तो म्हणाला. "एक ज्यादा."

"ती खुशालची," मारोतराव म्हणाले. "त्यानं विकली नव्हती. मी मोजताना ऐकलं नव्हतं. लिहून घ्या. चूक माही."

जबाबावर त्यांनी सही केली. पांडुरंगराव पाठ फिरवून उभे होते.

काम थांबलं. कागद आदिलाबादला गेले, वर्षभर फिरले. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात दगड तेहतीस फूट पुढं सरकला. मागची ओळ रिकामी करावी लागली. पुढच्या खोल्यांत एकाच्या जागी दोघं झाले. बारा नंबरचे म्हातारे मारोतरावांशी मरेपर्यंत बोलले नाहीत. "मोजणीदारानं आपलीच खोली मोजून घालवली," पंक्तीत कोणीतरी रोज म्हणायचं. ट्रस्टनं पत्रे आणि दारं काढून नेली. भिंती पावसानं बसू लागल्या. मारोतराव स्वयंपाकघराच्या ओट्यावरच राहिले. पाटी त्यांनी तिथल्या खांबाला लावली.

पहिला महिना कोणी आलं नाही. मग दुसऱ्या गावांतून येऊ लागले. आमच्याकडेही तुमचीच मोजणी आहे, ती पाहा, म्हणून. सत्तावीस गावं त्यांनी मोजली होती. त्यांनी यादी केली आणि दर रविवारी नागनाथला घेऊन एस.टी.नं एकेक गाव पुन्हा मोजायला निघाले. बेज्जूरच्या जंगलातलं एक गाव मोजायला तर तीन दिवस लागले. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यापर्यंत एकोणीस गावं झाली. सगळी बरोबर निघाली. मारोतरावांना त्याचं समाधान वाटलं नाही. ते विसाव्या गावाची तयारी करू लागले.

बयनाबाई येतच होत्या. आता पायरीवर थांबत नसत. दार नव्हतं, छप्पर नव्हतं. भेगेच्या अलीकडे, लेक जिथं होती तिथून एक पाऊल आधी, तांब्या ठेवायच्या आणि जरा वेळ बसायच्या.

आषाढातल्या एका शनिवारी आभाळ भरलेलं होतं. त्या आल्या तेव्हा दोन्ही हातांत तांबे होते. मोजायचं बोटांनी जमत नव्हतं, म्हणून मोठ्यानं मोजत आल्या. एक तांब्या भाकरीसकट आत ठेवला. दुसरा घेऊन ओट्याशी आल्या आणि मारोतरावांपुढं ठेवला.

"हा कोणाचा?"

"तुमचा."

मारोतरावांनी इकडंतिकडं पाहिलं. "बाई, मी जिता हाओ अजून."

"म्हणूनच. मेलेले पाणी पेतात का नाई, मले काय दिसते? तुमी प्या. मले पाहू द्या."

जयवंताबाई सुया उकळत होत्या. त्यांनी स्टोव्ह बारीक केला.

मारोतरावांनी तांब्या उचलला. ओठाला लावला. न थांबता प्याले, घशाची घाटी वरखाली होत राहिली. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. तांब्या खाली ठेवला तेव्हा त्यांना धाप लागली होती. बयनाबाईंनी तो उचलून उपडा केला. एक थेंब पडला.

"बस," त्या म्हणाल्या आणि आतला तांब्या आणायला मागच्या ओळीकडे गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी भिंतीआडून हाक मारली. जयवंताबाई गेल्या, मारोतराव मागून गेले.

ऊन नव्हतं. पाऊस सुरू झाला नव्हता. ठेवून पाव तासही झाला नव्हता.

आतल्या तांब्याचा तळ कोरडा होता. वरची भाकरही नव्हती.